‘ध’चा ‘घ’: जुन्या गेमबॉय ॲडव्हान्सवर मराठी अक्षरखेळ

पार्श्वभूमी

नाशिकच्या पंचवटीत दिंडोरी रोडच्या बाजूला एक लहानशी अभ्यासिका आहे. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या, भाजीची गाडी लावणाऱ्या घरांतली तिसरी-चौथीची मुलं संध्याकाळी तिथे येऊन बसतात. अभ्यासिका चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांचा एक नियम मोडत नाही: आत मोबाइल नाही. मुलांचा नाही, न्यायला आलेल्या पालकांचा नाही, त्यांचा स्वतःचाही पिशवीत बंद.

परदेशातून परतलेल्या एका कुटुंबाने बाईंना जुन्या खेळण्यांचं खोकं दिलं. त्यात हातात धरून व्हिडिओगेम खेळायची यंत्रं निघाली: दोन मूळ गेमबॉय ॲडव्हान्स, एक गेमबॉय ॲडव्हान्स एसपी, एक निन्टेन्डो डीएस लाइट आणि एक पीएसपी. गेमच्या कार्ट्रिज, म्हणजे यंत्राच्या खाचेत बसणाऱ्या गेमच्या डब्या, मात्र एकही नाही. खोकं भंगारात जाणार होतं. अभ्यासिकेतूनच शिकून पुढे गेलेला एक डिप्लोमाचा विद्यार्थी, ज्याला तिथे सगळे ‘दादा’च म्हणतात, त्या दिवशी आला होता. तो म्हणाला, “बाई, देऊन टाकू नका. यावर आपण आपला गेम लिहू शकतो.”

मी सातपूरच्या एका कारखान्यात फर्मवेअर, म्हणजे यंत्रांच्या आत बसणारे प्रोग्राम, लिहिते आणि शनिवारी या मुलांना गणित शिकवायला जाते, म्हणून दादा खोकं घेऊन माझ्याकडे आला. पुढचे चार महिने मी, दादा आणि त्याची आठवीतली धाकटी बहीण असे तिघं या कामात होतो. काय केलं, कुठे अडकलो आणि कोणते निर्णय आज वेगळे घेतले असते, ते इथे मांडते. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; तांत्रिक गोष्टी जशा घडल्या तशाच आहेत.

अडचण

मुलांना सुटी अक्षरं येतात, जोडाक्षराशी गाडी अडते. ‘स्तंभ’, ‘उन्हाळा’, ‘चंद्र’ वाचताना पहिलं अक्षर धडाक्यात आणि मग अंदाजपंचे. बाईंना खेळ हवा होता तो असा: यंत्रातून शब्द ऐकू येईल, खाली सात-आठ अक्षरं दिसतील, मुलाने ती क्रमाने निवडायची आणि वर शब्द जुळत जाईल.

बाईंची अट एकच होती. पडद्यावरचं अक्षर पाठ्यपुस्तकातल्यासारखंच दिसलं पाहिजे. “चुकीचं अक्षर एकदा डोळ्यांत बसलं की ते काढायला मला वर्ष लागतं,” असं त्या म्हणाल्या. ही अट मी तेव्हा वहीत लिहून घेतली, पण तिचं वजन मला कळायला दोन महिने गेले.

खरी अडचण अशी की या यंत्राला अक्षर म्हणून काही ठाऊकच नाही. मराठी सोडा, एबीसीसुद्धा नाही. मोबाइलमध्ये फॉन्ट असतो, वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवणारी आणि जोडाक्षर घडवणारी यंत्रणा असते. इथे ऑपरेटिंग सिस्टिमच नाही. बटण चालू केलं की १६ किलोबाइटचा बायॉस, म्हणजे यंत्रात कायमचा भरलेला छोटा प्रोग्राम, काही क्षण चालतो, कार्ट्रिज तपासतो आणि सगळं यंत्र तुमच्या प्रोग्रामच्या हवाली करतो.

यंत्र आतून कसं आहे

२००१ सालच्या गेमबॉय ॲडव्हान्समध्ये एआरएम-७-टीडीएमआय हा प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झवर चालतो. स्क्रीन २४० × १६० ठिपक्यांची. एका ठिपक्याला १५ बिट रंग, म्हणजे ३२,७६८ छटा. स्मृती तीन ठिकाणी वाटलेली आहे: प्रोसेसरच्या चिपमध्येच ३२ किलोबाइट, ती सर्वांत वेगवान, बाहेर २५६ किलोबाइट, ती संथ, आणि चित्रासाठी ९६ किलोबाइट. कार्ट्रिजचं रॉम, म्हणजे तिच्यातली फक्त वाचायची स्मृती, ३२ मेगाबाइटपर्यंत असू शकतं आणि प्रोसेसर ते थेट वाचतो. आधी रॅममध्ये उतरवून घ्यावं लागत नाही.

होमब्रू, म्हणजे कंपनीबाहेरच्या माणसाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम, इथे चालतो तो या उघडेपणामुळे. चित्र कसं दाखवायचं, आवाज कोणता, कोणतं बटण दाबलंय हे सगळं स्मृतीतल्या ठरावीक पत्त्यांवर लिहून किंवा वाचून होतं. मध्ये कुणी दरवान नाही. बटणांचा पत्ता वाचला की दहा बटणांचे दहा बिट मिळतात आणि दाबलेल्या बटणाचा बिट १ नसून ० असतो. दादाला हे कळेपर्यंत त्याचा पहिला प्रोग्राम कुणी हात न लावताच पळत सुटला होता. एआरएमसाठीचा डेव्हकिटआर्म हा संच फुकट मिळतो, सी भाषेत लिहायचं, की रॉमची फाइल तयार.

पडद्याला ताजं चित्र सेकंदाला सुमारे ५९.७ वेळा लागतं. एका फेरीत २,८०,८९६ घड्याळठोके मिळतात आणि त्यातले ८३,७७६ ठोके पडद्याच्या तळाशी पोहोचल्यानंतरच्या विश्रांतीत असतात. चित्रात बदल करायचा तो याच वेळात केला तर पडदा फाटल्यासारखा दिसत नाही. आमच्या कारखान्यातल्या नियंत्रकांपेक्षा हे हिशेब मला जास्त स्वच्छ वाटले. सगळं मोजता येतं.

कोणतं यंत्र निवडायचं

पीएसपीचा पडदा मोठा, ४८० × २७२. दादाचा ओढा तिकडे होता. पण आमच्या पीएसपीची बॅटरी फुगली होती. ते अडॅप्टरवर बॅटरीशिवाय चालतं खरं, पण फर्मवेअर बदलायला चार्ज झालेली बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही लागतात, आणि स्वतःचा प्रोग्राम चालवायचा तर आधी फर्मवेअरशीच झुंजावं लागतं. फुगलेली बॅटरी लहान मुलांच्या खोलीत नको, म्हणून मी ती त्याच दिवशी काढून ई-कचऱ्यात दिली. पीएसपी बाद.

डीएस लाइटसाठी खास डीएसचाच प्रोग्राम लिहिता आला असता. त्यात दोन प्रोसेसर, स्पर्शाचा पडदा, चार मेगाबाइट रॅम. पण डीएस लाइट एकच होतं. आणि त्याच्या खालच्या खाचेत गेमबॉय ॲडव्हान्सची कार्ट्रिज बसते! म्हणजे ॲडव्हान्ससाठी लिहिलेला एकच प्रोग्राम चारही यंत्रांवर चालणार. इथे निर्णय झाला आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पुढचा प्रश्न, प्रोग्राम यंत्रात घालायचा कसा. एक रस्ता कार्ट्रिजशिवायचा आहे. कार्ट्रिज न लावता यंत्र चालू केलं, तर बायॉस दोन यंत्रं जोडणाऱ्या लिंक केबलच्या तोंडाकडे कान लावून बसतो आणि तिकडून आलेला २५६ किलोबाइटपर्यंतचा प्रोग्राम बाहेरच्या रॅममध्ये उतरवून चालवतो. याला मल्टिबूट म्हणतात. एक कार्ट्रिज आणि चार खेळाडू अशा खेळांसाठी ही सोय होती. आम्ही एक जुनी लिंक केबल कापून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडली. दादा कॉलेजातला आर्डुइनो उनो हा प्रयोगाचा सर्किट बोर्ड जोडणार होता. मी थांबवलं, कारण उनो पाच व्होल्टवर बोलतो आणि या तोंडाला ३.३ व्होल्टच सोसतात. पायचं व्होल्टेज जुळतं.

मल्टिबूटची मर्यादा उघड आहे. यंत्र बंद केलं की प्रोग्राम गेला, आणि डीएस लाइटला लिंक केबलचं तोंडच नाही. म्हणून रोजच्या कामाला मल्टिबूट आणि शेवटी पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्ट्रिज, असं ठरवलं.

अशा कार्ट्रिज विकणाऱ्याने दादाला सांगितलं, “रिकामी कशाला नेतोस, पाचशे गेम भरून देतो.” फुकटच मिळत होते आणि मुलं खूश झाली असती. आम्ही नको म्हटलं. ते गेम दुसऱ्या कुणीतरी लिहिलेले आहेत. आणि जिथे मोबाइलसुद्धा पिशवीत राहतो तिथे चोरीचा माल आम्ही नेणार नव्हतो. स्वतः प्रोग्राम लिहून स्वतःच्या यंत्रावर चालवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मी धाकटीला नीट बसवून समजावली.

अक्षर कशाला म्हणायचं

खरं काम इथे सुरू झालं. दादाचा पहिला आराखडा सोपा होता: दोनशे दहा शब्दांची संगणकावर चित्रं काढायची आणि ती यंत्रात भरायची. एक चित्र ९६ × २४ ठिपके, कडा मऊ दिसाव्यात म्हणून ठिपक्याला चार बिट. एका शब्दाला १,१५२ बाइट, दोनशे दहा शब्दांना २,४१,९२०. मल्टिबूटची मर्यादा २,६२,१४४. बाकी सगळ्या खेळाला उरले जेमतेम वीस हजार बाइट. शिवाय मूल अक्षरं जोडत असताना अर्धा शब्द दाखवायचा तर त्या अर्ध्या शब्दाचं चित्र कुठून आणायचं?

दुसरा पर्याय, युनिकोडचं, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीतलं, प्रत्येक चिन्ह वेगळं ठेवायचं आणि यंत्रानेच ती जुळवायची. ‘स्ति’ म्हणजे स, हलन्त, त, वेलांटी. वेलांटी साठवणीत शेवटी पण दिसायला आधी, स अर्धा, त पूर्ण. हे नियम यंत्रात लिहिणं अशक्य नाही, पण एक नियम चुकला तर बाईंची अट मोडली.

मी वेगळं सुचवलं. मराठीत अक्षर म्हणजे काय? मूल ‘स्तं’ एका दमात उच्चारतं, एका घासात वाचतं. तर साठवणीचा घटकही तोच धरायचा: अख्खं अक्षर, मात्रा-जोडासकट. शाळेत हल्ली ॲ आणि ऑ धरून चौदाखडी शिकवतात. क्ष आणि ज्ञ मोजून छत्तीस व्यंजनं, गुणिले चौदा, ५०४ अक्षरं. प्रत्येक २४ × २४, ठिपक्याला एकच बिट, म्हणजे ७२ बाइट. झाले ३६,२८८ बाइट. शब्दसूचीत येतील ती जोडाक्षरं वर वेगळी. आणि एका बिटाचं चित्र यंत्राला लागणाऱ्या चार बिटांत उलगडून देणारी सोय बायॉसमध्ये आयतीच आहे, जणू कुणीतरी आपल्यासाठीच ठेवलेली.

लिपीची सगळी हुशारी संगणकावर राहिली. पायथनची एक स्क्रिप्ट शब्दसूची वाचते, शब्द अक्षरांत तोडते, प्रत्येक वेगळं अक्षर हार्फबझ या फॉन्टमधून जोडाक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडून घडवून घेते आणि चित्रांचं कोष्टक बनवते. यंत्राला मिळतात फक्त क्रमांक. तोडण्याचा नियम आम्ही हातानेच लिहिला, कारण दादाच्या लॅपटॉपवरची जुनी लायब्ररी ‘स्त’चे दोन तुकडे करत होती. युनिकोडने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत घातला. त्याआधीच्या साधनांवर विसंबता येत नाही.

दोन गोष्टी बाईंनी पकडल्या. फॉन्टला ‘भाषा मराठी’ असं सांगितलं नाही तर बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श देतात. आमच्या पहिल्या चौदाखडीत तेच आले होते. पाकळीचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात आहेत, पुस्तकात आहेत, मग खेळातही तेच हवेत. दुसरी, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. साठवताना एकात साधा र आणि दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ लागतो. धाकटीने दोन्ही एकाच पद्धतीने टाइप केले होते आणि पडद्यावर त्र्यंबकच्या डोंगरात समुद्र शिरला होता.

‘ध’चा ‘घ’

अक्षरं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा शिरोरेषेत बारीक भेगा दिसू लागल्या. फॉन्टमधली रुंदी अपूर्णांकात असते, आमचे ठिपके पूर्णांकात. गोळाबेरीज करताना कुठे एक ठिपका सुटतो. दादाने एका संध्याकाळी तोडगा काढला. शब्द रेखाटून झाला की पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत दोन ठिपके जाडीची एक सरळ रेघ मारायची. ‘कमळ’, ‘नदी’, ‘पाऊस’ झकास दिसले. मी पाहिलं आणि मान डोलावली.

नऊ-दहा दिवस तो खेळ तसाच चालला. मग एका मुलीला न्यायला तिचे आजोबा आले. त्यांनी हयातभर छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम केलेलं. नात खेळत होती, ते मागून वाकून बघत होते. मला म्हणाले, “ताई, हे गंगापूर घरण म्हणजे काय?”

शब्द ‘धरण’ होता. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, आणि ध आणि घ यांच्यात, भ आणि म यांच्यात डोळ्याला पटकन दिसणारा फरक तेवढाच असतो. आमच्या नीटनेटक्या रेघेने तो पुसून टाकला होता. ‘धरण’चं ‘घरण’, ‘भाकर’ची ‘माकर’. ध चा मा झाल्याची गोष्ट मराठीत प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ज्या आनंदीबाईंवर लोककथेने तो आळ घातला त्यांच्या नावाच्या आनंदवल्लीवरून मी रोज गाडीने जाते. तरी माझ्या नजरेतून हे सुटलं. मी वाचताना अक्षर पाहत नव्हते, शब्द ओळखत होते. वाचायला शिकणारं मूल नेमकं उलट करतं. ते अक्षरावर विश्वास ठेवतं.

त्या संध्याकाळी बाईंनी खेळ बंद केला आणि मला तो निर्णय पूर्ण मान्य होता.

पर्याय तीन होते. रेघ मारायची पण ध-भ-थसाठी अपवाद ठेवायचे. पण ‘ध्या’, ‘भ्र’, ‘स्थ’ अशी जोडाक्षरं आली की अपवादांची यादी वाढत जाते. किंवा शब्दचित्रांकडे परत जायचं. किंवा रेघ अजिबात न मारता प्रत्येक अक्षराच्या चित्रातच तिची रेघ ठेवायची आणि उजवी कड फक्त एक ठिपका पुढे वाढवायची. पुढच्या अक्षराची रेघ डाव्या कडेपासून सुरू होत असेल तर ती जुळते. नसेल तर तुटलेपण आपोआप राहतं. आम्ही हे शेवटचं घेतलं आणि ध-भ-थच्या चित्रांत ती फट हाताने किमान तीन ठिपके रुंद केली.

मग त्या आजोबांनी, आता आमच्या जुळारी काकांनी, आम्हाला कामाची जुनी रीत लावली: प्रूफ. सगळं कोष्टक ए-फोर कागदांवर छापलं, एकेक अक्षर मोठं करून. एक प्रत काकांकडे, एक बाईंकडे, दोघांनी वेगवेगळी तपासायची आणि मग ताडून पाहायची. चोवीस ठिपक्यांत ‘ष्ट्र’ बसवताना फॉन्टने जी खिचडी केली होती ती धाकटीने चौकटीच्या वहीत काढून ठिपका ठिपका दुरुस्त केली. ते तीन आठवडे कंटाळवाणे नव्हते. काका खिळ्यांच्या खणांबद्दल बोलायचे आणि धाकटी ऐकत ऐकत चौकोन भरायची.

खऱ्या यंत्रावर काय झालं

यातलं बरंचसं कोणत्याही होमब्रू लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतं, म्हणून थोडक्यात सांगते.

अक्षरं एकदा दुप्पट रुंद, अडखळल्यासारखी दिसली. चित्राच्या स्मृतीत एक बाइट लिहिला तर हे यंत्र तोच बाइट शेजारीही लिहितं. तिथे १६ बिटच एकदम लिहावे लागतात. आधी वेगवान रॅममध्ये अक्षर घडवून मग एकदम हलवलं आणि प्रश्न मिटला.

पहिली कार्ट्रिज भरली तेव्हा एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, धावणारा खेळ यंत्रावर सुरुवातीच्या पडद्यापुढे सरकेना. बायॉस कार्ट्रिजच्या आरंभीचं निन्टेन्डोचं बोधचिन्ह आणि बेरीज-तपासणीचा बाइट पडताळून पाहतो, आणि दादाने स्वतः लिहिलेल्या मेकफाइलमध्ये, म्हणजे रॉम बनवण्याच्या पायऱ्यांच्या यादीत, ते भरणारी पायरीच राहिली होती. बरेचसे एम्युलेटर ही पडताळणी गाळतात. बोधचिन्हाची ही युक्ती इतर कंपन्यांनीही वापरली होती. अमेरिकेत गेमयंत्रं बनवणारी सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात १९९२ साली अपील न्यायालयाने स्वतंत्र प्रोग्राम लिहिणाऱ्या अकोलेडच्या बाजूने कौल दिला, हे मी दादाला सांगितलं. त्याला ते बेरीज-तपासणीपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

कार्ट्रिज चालू झाली आणि खेळ मल्टिबूटपेक्षा मंद वाटला. कारण सरळ होतं: कार्ट्रिज वाचताना प्रोसेसरने किती थांबायचं याचा आकडा सुरुवातीला फार सावध ठेवलेला असतो. एका रजिस्टरमध्ये तो कमी केला, पुढचं आधीच वाचून ठेवण्याची सोय चालू केली, अक्षर रेखाटण्याचा भाग ३२ किलोबाइटच्या आतल्या रॅममध्ये हलवला. मंदपणा गेला.

आवाजासाठी बाईंनी शब्द म्हटले. जागा वाचावी म्हणून मी सेकंदाला ८,००० नमुने घेतले आणि ‘सरी’ ‘फरी’सारखं ऐकू येऊ लागलं. ‘स’चा सूं आवाज बराचसा ४,००० हर्ट्झच्या वर असतो आणि ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झपर्यंतचंच मावतं. १६,३८४ वर गेलो. एका शब्दाला साधारण १६ किलोबाइट, सगळे मिळून तीन मेगाबाइटच्या वर. म्हणजे आवाजासकट खेळ फक्त कार्ट्रिजवर. पंख्याची घरघर आल्यामुळे अर्धे शब्द पुन्हा म्हणावे लागले, तेही पंखा बंद करून, मे महिन्यात.

बॅटरीचंही एक. दादाचा प्रोग्राम पुढच्या फेरीची वाट पाहताना फुकट घिरट्या घालत होता. बायॉसला ‘फेरी आली की उठव’ सांगून प्रोसेसर झोपवला की विजेचा खर्च घटतो. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रात आणि ते सेल बाईंच्या खर्चाने येत असताना हे आधीच करायला हवं होतं.

निष्पत्ती

जूनपासून खेळ अभ्यासिकेत आहे. मूळ दोन ॲडव्हान्सचे पडदे प्रकाशाविना आहेत. संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात ते अंधारे दिसायचे. दादाने निवडलेली निळी पार्श्वभूमी काढून पांढऱ्यावर काळं केलं, तेव्हा खिडकीशी बसून वाचता येऊ लागलं. तरी मुलं डीएस लाइटसाठीच भांडतात, त्याचा पडदा उजळ आहे. बाईंनी पाळी लावून दिली आहे.

मुलं जोडाक्षर वाचायला शिकली का, हे मी खेळाच्या खात्यात टाकणार नाही. बाई रोज फळ्यावरही तेच घेतात. मी पाहिलं ते एवढं की शब्द चुकला की मुलं आता शेवटचं अक्षर काढून पुन्हा लावतात, अख्खा शब्द सोडून देत नाहीत. आणि भ लिहिताना दोन-तीन जणांना मोठ्याने “रेघ तोड” म्हणताना ऐकलं.

आज वेगळं काय केलं असतं

प्रूफ पहिल्या आठवड्यात छापलं असतं. चार अक्षरं यंत्रावर दिसली की लगेच कागदावर, आणि ती बघायला असा माणूस ज्याने ती अक्षरं घडवलेली नाहीत. ‘घरण’ नऊ-दहा दिवस मुलांच्या हातात राहिलं ही चूक दादाची नव्हती. मान मी डोलावली होती.

गुण साठवण्याचा भाग लिहिलाच नसता. त्यावर आमचे दोन आठवडे गेले. कार्ट्रिजची जपणुकीची स्मृती एका वेळी एकच बाइट स्वीकारते, सी भाषेतली मजकूर हलवण्याची नेहमीची सोय, मेमकॉपी, तिथे चालत नाही. जुन्या ढिल्या एम्युलेटरवर सगळं नीट आणि यंत्रावर कचरा. ते सोडवून, नावांची यादी करून बाईंना दाखवायला गेलो तर त्या म्हणाल्या, “पहिला-दुसरा लावायचा नाही मला. काढून टाका ते.” आधी विचारलं असतं तर त्या तेव्हाही हेच म्हणाल्या असत्या.

खऱ्या यंत्रावर रोज चालवून पाहण्याचा निर्णय मात्र पुन्हा तसाच घेईन. केबल कापायला एक दुपार गेली. तिने आम्हाला पुढची फजिती वाचवली. कार्ट्रिजची पहिली चाचणी तेवढी आणखी आधी घेतली असती.

शब्द वाढवणं आता दादाशिवायही होतं. ऑगस्टमध्ये बागलाणातून आलेल्या एका मुलाने धाकटीला विचारलं, यात आमच्या घरचे शब्द का नाहीत? त्याच्या घरी अहिराणी बोलतात. त्याला ‘मन्ही माय’ हवं होतं. धाकटीने शब्दसूचीच्या फाइलमध्ये खाली एक ओळ लिहिली आणि स्क्रिप्ट चालवली. नवं चित्र एकही बनलं नाही. म, मा, य चौदाखडीतच होते, आणि ‘न्ही’ आधीपासून कोष्टकात होता, ‘तिन्ही’साठी काढलेला. फक्त आवाज नव्हता. तो त्या मुलाच्या आईने येऊन दिला, आणि त्या दिवशीही पंखा बंद ठेवला होता.